पडलेलें मूल सावरलें, हें ओळखावें कसें ?

वैशाखांत दहावीचा निकाल लागतो, ज्येष्ठांत पालख्या निघतात. या दोहोंच्या मधल्या दिवसांत गांवोगांव कीर्तनाला जातांना आम्हांला एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकूं येतो. आरती होते, माणसें पांगतात, आणि मग एखादी माउली मागें थांबून विचारते, "बुवा, पोरगं गणितात गेलं. आता जेवतंय, हसतंय, पण सावरलंय का न्हाई, ते काय मला उमजंना." तिला उपदेश नको असतो; नापास झालेल्या मुलाच्या घरीं उपदेशाला तोटा नसतो. तिला माप हवें असतें. ताप उतरला कीं नाहीं हें थर्मामीटर सांगतो, तसें हें कशानें कळावें, असा तिचा प्रश्न आहे. आणि तो आम्हांला फार योग्य वाटतो.

या विषयावर पाश्चात्य देशांत गेल्या पन्नास-साठ वर्षांत पुष्कळ काम झालें आहे. त्यांतलें आम्हांला काय पटलें, काय पटलें नाहीं, आणि आपल्या घरांत त्याचा उपयोग कितपत, एवढेंच येथें मांडतों.

प्रथम शब्द नीट करून घेऊं. संस्कृतांत 'धृति' आहे, 'तितिक्षा' आहे. धृति म्हणजे धरून ठेवणें. 'धृ' धातूचा अर्थच तो. तितिक्षा म्हणजे सोसणें. जो घसरलाच नाहीं त्याला धृतिमान् म्हणूं. ज्यानें मार खाल्ला पण रडला नाहीं त्याच्यापाशीं तितिक्षा आहे म्हणूं. पण आपल्या मराठींतलें 'सावरणें' या दोहोंहून वेगळें आहे. सावरायला आधीं तोल जावा लागतो, आणि मग कोठेंतरी परत यावें लागतें. म्हणून ९५ टक्के मिळविणाऱ्या मुलाकडे बोट दाखवून "हा बघा कसा खंबीर!" असें म्हणणें म्हणजे न झालेल्या परीक्षेचा निकाल लावणें होय. त्याचा खंबीरपणा अजून कोणीं पाहिलेलाच नाहीं. कदाचित् असेल, कदाचित् नसेल.

आमच्या पाठशाळेंत गुरुजींची एक साधी रीत होती. विद्यार्थी पाठ म्हणतांना चुकला, कीं ते वहीच्या समासांत खूण करीत. चुकल्यावर तो आपला आपण थांबला, मागें गेला आणि बरोबर धरून पुढें चालला, तर आडवी रेघ. गुरुजींना पहिलें अक्षर सांगावें लागलें, तर उभी रेघ. सांगूनहि गाडें हललें नाहीं, तर फुली. महिना संपला कीं ते सगळ्या खुणांची बेरीज करीत नसत. मागच्या महिन्यांतल्या फुल्यांच्या उभ्या किती झाल्या आणि उभ्यांच्या आडव्या किती, एवढेंच पाहत. आमच्याबरोबर एक विद्यार्थी होता, त्याच्या समासांत रेघांचें रान माजलेलें असे. पण फुली शोधून सांपडायची नाहीं. गुरुजी त्याच्याविषयीं निर्धास्त असत. दुसरा एक फारच क्वचित् चुके, पण चुकला कीं त्या दिवशीं पुढें म्हणतच नसे. गुरुजींना काळजी त्याची.

आतां आधुनिक मापांकडे वळूं. २००३ सालीं अमेरिकेंत कॉनर आणि डेव्हिडसन या दोघांनीं एक प्रश्नावली सिद्ध केली. तिच्यांत २५ विधानें आहेत. प्रत्येकाला ० पासून ४ पर्यंत गुण. म्हणजे बेरीज ० ते १००. ती जगभर वापरली जाते. पण मूळांत ती प्रौढांसाठीं, आणि तींत माणसापाशीं सामग्री काय आहे याची मोजदाद आहे : बदल पचवितां येतो का, जवळचीं माणसें आहेत का, देवावर भार टाकतां येतो का, संकटांत विनोद सुचतो का. सामग्री असणें चांगलेंच. पण डब्यांत पीठ आहे म्हणजे भाकरी झाली असें होत नाहीं.

ही अडचण ओळखून २००८ सालीं ब्रूस स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अवघ्या ६ विधानांचें छोटें माप केलें. त्याचा रोख एकाच गोष्टीवर : धक्का बसल्यावर माणूस लवकर वर येतो, कीं रेंगाळतो. सहांपैकीं तीन विधानें सुलट आणि तीन उलट ठेवलीं आहेत. म्हणजे जो सगळ्यालाच मान डोलावतो तो पकडला जावा. ही युक्ति आम्हांला आवडली. कीर्तनांत सगळ्यालाच मान डोलावणारे श्रोते आम्हांला ठाऊक आहेत !

पण हीं दोन्हीं मापें सर्वसामान्य आयुष्याचीं. शाळेंतल्या पडण्यासाठीं निराळीं मापें आहेत. ऑस्ट्रेलियांत मार्टिन आणि मार्श यांनीं २००८ सालीं एक भेद केला, तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. एक असतें मोठें संकट, उदाहरणार्थ वर्ष बुडणें, शाळाच सुटणें. आणि एक असते रोजची ठेच : चाचणीत कमी गुण, गुरुजींचा तुटक शेरा, वेळेंत न झालेला अभ्यास. रोजच्या ठेचेंतून वर येण्याच्या गुणाला त्यांनीं वेगळें नांव दिलें आणि केवळ ४ विधानांत त्याचें माप बसविलें. हा गुण कशावर अवलंबून असतो, हें पाहतां परीक्षेची धास्ती हेंच त्यांना सर्वांत वजनदार कारण आढळलें. मूल हुशार किती, यापेक्षां घाबरतें किती, हें पाहावें.

इंग्लंडांत सॅलफर्डच्या विश्वविद्यालयांत सायमन कॅसिडी यांनीं २०१६ सालीं जें माप प्रसिद्ध केलें, तें आमच्या मतें या सर्वांत अधिक विचारपूर्वक केलेलें आहे. ते आधीं विद्यार्थ्याला एक प्रसंग वाचायला देतात. ताज्या एका कामांत अनुत्तीर्ण झालां आहां, मागच्या दोन कामांतहि गुण मनासारखे नाहींत, आणि पुढें कांहीं व्हावयाचें असल्यानें चांगले गुण तर हवेतच. आतां काय कराल ? मग ३० विधानें. त्यांतून तीन गोष्टी निघतात : चिकाटी धरतो का, स्वतःचा अभ्यास तपासून योग्य ठिकाणीं मदत मागतो का, आणि मनांत निराशा किती माजते. सर्वांना एकाच उंचीवरून पाडलें, म्हणून तुलना करतां येते. आणि 'मदत मागणें' हें येथें बळाच्या बाजूला धरलें आहे, हें फार चांगलें झालें. आपल्याकडे शिकवणीला जातों म्हणून लाजणारीं मुलें आहेत, आणि दुसऱ्याला विचारायला लागलें म्हणून टोमणे मारणारे बापहि आहेत.

उणीव एवढीच, कीं हें पडणें कागदावरचें. आणि दुसरी उणीव सगळ्याच प्रश्नावल्यांची : उत्तर देणारा तोच आणि ज्याच्याविषयीं उत्तर द्यावयाचें तोहि तोच. मोठ्या माणसानें "कसं चाललंय रे ?" म्हटलें, कीं आपलें मूल "बरं चाललंय" म्हणतें. या "बरं" मध्यें जगांतल्या सगळ्या गोष्टी मावतात.

म्हणून कांहीं लोक विचारण्याऐवजीं आंकडे पाहतात. श्रीमंत देशांची जी आर्थिक सहकार्य व विकास संघटना आहे, ती २००० सालापासून पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' नांवाची परीक्षा घेते. तिच्या हिशेबांत, घरची स्थिति देशांतल्या तळाच्या चतुर्थांशांत असूनहि ज्याचे गुण वरच्या चतुर्थांशांत आहेत, तो विद्यार्थी परिस्थितीवर मात केलेला. हें माप देशांची तुलना करायला ठीक. पण आमच्या माउलीच्या कामाचें नाहीं. तिचें पोर वरच्या चतुर्थांशांत जायचें नाहीं. त्याला १४ वरून ३५ वर यायचें आहे, आणि तेवढें झालें तर घरांत पुरणपोळी होणार आहे.

आतां आपल्या राज्यांतलेंच उदाहरण घेऊं. तें आम्हांला सर्वांत बोलकें वाटतें. २०२५ सालच्या दहावीच्या परीक्षेंत ९४.१० टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. जे राहिले त्यांचें वर्ष वांचावें म्हणून २०१५ पासून फेरपरीक्षा ऑक्टोबरची वाट न पाहतां निकालानंतर थोड्याच आठवड्यांत घेण्यांत येते. हेतु उत्तम. पण या पुरवणी परीक्षेचा निकाल गेलीं कांहीं वर्षें साधारणपणें तीनांत एक, असा लागत आला आहे. शंभरांतले नव्वदाहून अधिक जेथें पहिल्या उडींत पार होतात, तेथें पडलेल्यांपैकीं दुसऱ्या उडींत पार होणारे एवढे थोडे.

हा आंकडा वाचून "पडलेलीं मुलें आळशी" असा निकाल देणारे लोक आम्हांला भेटतात. त्यांना आमचें म्हणणें असें, कीं आधीं दिवस मोजा. निकाल आणि फेरपरीक्षा यांत जेमतेम सहा-सात आठवडे. त्यांतले पहिले आठ-दहा दिवस तोंड लपविण्यांत जातात. शाळेला सुट्टी, गुरुजी आपल्या गांवीं. शेतांत पेरणीपूर्व कामें निघालेलीं, आणि "नाहीतरी रिकामाच आहेस" म्हणून पोराच्या हातीं कुळव. दहा वर्षांत जें गणित समजलें नाहीं तें या उरलेल्या महिन्यांत एकट्यानें समजावून घ्यावयाचें. अशा स्थितींत तीनांतला एक पार होतो, हेंच आम्हांला नवल वाटतें.

शिवाय हा आंकडा दोन गोष्टी सांगत नाहीं. एक, ज्या मुलांनीं फेरपरीक्षेचा अर्जच भरला नाहीं तीं यांत नाहींतच. खरी फुली तेथें आहे. दुसरें, इंग्रजींत ११ गुण होते त्या मुलानें ३१ मिळविले, तर मंडळाच्या दृष्टीनें तो पूर्वींहि अनुत्तीर्ण आणि आतांहि अनुत्तीर्ण. ३५ ही मंडळाची रेघ आहे; ती असायलाच हवी. पण सावरण्याची रेघ ती नव्हे. २० गुणांची चढ चढलेल्या मुलाला घरांत कोणी "पुन्हां तेंच" म्हणत असेल, तर तें माप चुकीच्या गजानें चाललें आहे.

सावरणें मोजायचें तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात : किती खोल गेला, किती दिवस तेथें राहिला, आणि कोठपर्यंत वर आला. शेवटली गोष्ट गुणपत्रक सांगतें. मधली कोणीच सांगत नाहीं, आणि आईला विचारायची असते ती नेमकी मधलीच.

किती दिवस वाट पाहावी, याविषयीं कौआईचा दाखला द्यावासा वाटतो. हवाई द्वीपसमूहांत या नांवाचें एक बेट आहे. तेथें १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांची नोंद एमी वर्नर, रूथ स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ठेवली. मुलें एक वर्षाचीं असतांना पाहिलीं, मग दोन, दहा, अठरा, बत्तीस आणि चाळीस वर्षांचीं असतांना पाहिलीं. एवढा धीर धरणारें माप आम्हांला दुसरें माहीत नाहीं. त्यांतलीं सुमारें तिसरा हिस्सा मुलें अशा घरांतलीं, कीं जेथें दारिद्र्य, जन्मवेळचा त्रास, आईबापांतली फूट, दारू किंवा मनाचा आजार, यांतल्या बऱ्याच गोष्टी एकत्र आलेल्या. लोकांनीं अशा मुलांवर पाणीच सोडलें असतें. पण त्यांतहि दर तीनांतलें एक अठराव्या वर्षीं नीट, कामसू, मायाळू असें वाढलेलें दिसलें. उरलेल्यांचीं शाळेंत आणि बाहेर अनेक लफडीं झालीं खरीं. परंतु चाळिशीला पाहिलें तेव्हां त्यांतलींहि बहुतेक ताळ्यावर आलीं होतीं. कोणी मोठेपणीं पुन्हां शिकायला बसून, कोणी चांगला जोडीदार मिळून, कोणी एखाद्या धर्मसंगतींत मिसळून. अठराव्या वर्षीं हिशेब बंद केला असता, तर हीं सगळीं माणसें 'बुडीत' खात्यांत गेलीं असतीं.

आणि जीं लवकर सावरलीं त्यांच्यापाशीं काय होतें ? वर्नरबाईंना पुन्हां पुन्हां आढळलें तें असें, कीं त्या मुलाला कोणीतरी एक माणूस होतें. आजी, मावशी, शेजारीण, एखादा शिक्षक. गुण पाहून माया करणारें नव्हे. तें मूल आहे म्हणून माया करणारें. दुसरें असें, कीं त्यांतल्या पुष्कळांना घरांत खरोखरीचें काम होतें, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासारखें, कीं जें त्यांनीं केलें नाहीं तर अडेल. "मी कोणाच्या तरी उपयोगी आहें" हें मुलाला कळायला भाषण लागत नाहीं. येथें कुळवाचा विचार वर केला त्याच्याशीं विरोध दिसेल. पण शिक्षा म्हणून दिलेलें काम आणि विश्वासानें सोंपविलेलें काम यांतला भेद मूल बरोबर ओळखतें.

थोड्या उपदेशानें कितपत फरक पडतो, याचीहि मोजणी झाली आहे. 'नेचर' या नियतकालिकांत २०१९ सालीं डेव्हिड यीगर प्रभृतींनीं अमेरिकेंतल्या नववीच्या १२,००० हून अधिक विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. बुद्धि जन्मतः ठरून गेलेली नसून सरावानें वाढते, हें एका तासाहूनहि कमी वेळाच्या पाठांत त्यांना समजावलें. अभ्यासांत मागें असलेल्यांचे गुण वाढले, किती? चारांच्या मापावर एक दशांश. आणि ज्या शाळांत सोबतीं मुलेंहि त्याच विचाराला अनुकूल होतीं, तेथें परिणाम अधिक दिसला. आम्हीं दोन-दोन तास उपदेश करणारी माणसें. हा एक दशांशाचा आंकडा भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

यावरून एक इशारा द्यावासा वाटतो. हीं मापें शाळांत येऊं लागलीं आहेत, येवोत. पण "या मुलाला खंबीरपणांत ४० गुण" असा शिक्का मारायला कोणी सुरुवात केली, तर गणितांत नापास झालेलें पोर आतां सावरण्यांतहि नापास होईल. वरच्या सगळ्या शोधांचें तात्पर्य धरलें तर सावरण्याचें बळ बरेंचसें मुलाच्या भोंवतालीं असतें. माप कमी आलें तर प्रश्न घराला विचारावा, शाळेला विचारावा.

घरांत मोजायचें कसें, याचा एक नमुना आम्हीं कांहीं वर्षांपूर्वीं सोलापूर जिल्ह्यांतल्या एका गांवीं पाहिला. नात इंग्रजी आणि गणित या दोन्हींत राहिली होती. आजी निरक्षर. तिनें भिंतीवरच्या कालनिर्णयावर टिंबें द्यायला आरंभ केला. आईनें ओरडून पुस्तक घ्यायला लावलें, त्या दिवसाला टिंब नाहीं. शिकवणीला पाठविलें म्हणून गेली, त्यालाहि नाहीं. पोरीनें आपण होऊन पुस्तक उघडलें, किंवा कोणाकडे अडलेलें विचारायला गेली, कीं त्या तारखेला एक टिंब. नातीला याचा पत्ता नव्हता. आम्हांला आजीनें तें पान दाखविलें : पहिल्या आठवड्यांत एकहि नाहीं, दुसऱ्यांत एक, तिसऱ्यांत पुन्हां शून्य, चौथ्यांत तीन, पांचव्यांत पांच. "तिसऱ्या हप्त्यात पोटात गोळा आला व्हता बुवा," आजी म्हणाली, "पण म्या बोलले न्हाई." फेरपरीक्षेंत मुलगी इंग्रजींत सुटली, गणित राहिलें, अकरावींत बसण्याची सवलत मिळाली आणि गणित पुढच्या मार्चला गेलें. तिसऱ्या आठवड्यांतलें तें शून्य महत्त्वाचें आहे. सावरणें सरळ जिन्यासारखें चढत नाहीं. मधें एखादी पायरी खालीं येते, आणि बहुतेक पालक त्याच पायरीवर तोंड सोडतात.

टिंबें कोणतीं द्यावींत, हें घरागणिक निराळें असेल. मित्रांत पुन्हां जाऊं लागला का, झोप वेळेवर येते का, निकालाचा विषय निघाल्यावर खोलीबाहेर न जातां बसतो का. अशा दोन-तीन गोष्टी पुरेत. दहा ठेवल्या तर पाळत होते.

एक गोष्ट मात्र टिंबांवर सोडूं नये. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालांत देशांतल्या १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनीं आपला जीव दिल्याची नोंद आहे. कारणें अनेक असतात, एकट्या निकालावर खापर फोडतां येत नाहीं. पण मुलाचें जेवण-झोप सुटली, तें कोणाशींच बोलेना, आवडत्या वस्तु वाटून टाकूं लागलें, "मी नसतो तर बरं झालं असतं" असें काहीं म्हणालें, तर थांबूं नये. जवळ बसून सरळ विचारावें, "जीव द्यावासा वाटतो का रे ?" विचारल्यानें तसा विचार डोक्यांत शिरतो ही समजूत खोटी आहे; उलट मूल मोकळें होतें. त्याला एकटें ठेवूं नये, डॉक्टरांकडे न्यावें. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा क्रमांक १४४१६. तो अहोरात्र चालूं असतो, पैसे पडत नाहींत, मराठींत बोलतां येतें. दिंडीच्या विणेकऱ्यानें व चोपदारानेंहि हा क्रमांक जवळ लिहून ठेवावा.

राहिला वारीचा प्रश्न, आणि तो आपल्या घरांतच निघतो. २०२५ सालीं निकाल १३ मे रोजीं लागला. माउलींची पालखी १९ जूनला आळंदीहून निघाली. फेरपरीक्षा २४ जूनला सुरू झाली. आषाढी एकादशी ६ जुलैला आली. म्हणजे ज्या मुलाचा विषय राहिला त्याचा पेपर ऐन वाटचालीच्या दिवसांत. मुलानें वारीला यावें कीं परीक्षेला बसावें, असें आम्हांला विचारतात. त्यानें परीक्षेला बसावें. यांत आम्हांला शंका नाहीं. अवघड प्रश्न पुढचा आहे. त्या मुलाचें तें 'एक माणूस' म्हणजे त्याची आजी किंवा आजोबा असतील, आणि तेच तीन आठवडे वाटेवर असतील, तर ? अशा दोन-तीन घरीं आम्हीं सांगितलें, कीं पेपर होईपर्यंत आजीनें घरीं थांबावें आणि मग एस. टी. नें पुढच्या मुक्कामावर दिंडी गांठावी. एका आजीला तें मानवलें नाहीं; चाळीस वर्षांची वारी, पहिल्या पावलापासूनची. तिनें रोज मुक्कामाला पोचल्यावर नातवाला फोन करायचें ठरविलें आणि तसा केलाहि. अभ्यासाचें विचारायचें नाहीं असा तिचा नेम. ती विचारी ती गाय दुभती कीं नाहीं, भिंत किती उतरली, आणि आज काय जेवलास.

फेरपरीक्षेचा अर्ज शाळेमार्फत ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याची मुदत निकालानंतर लवकर संपते. मूल त्या दिवसांत शाळेचें तोंड पाहायला तयार नसतें. म्हणून तें काम घरांतल्या मोठ्यानें पहिल्या आठवड्यांतच शाळेंत जाऊन करून टाकावें, आणि अर्जाची पावती मुलाच्या हातीं न देतां स्वतःच्या कडोसरीला ठेवावी.